अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर वल्ली घडत नसतो

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. पूर्ण वाचून या, मग भांडू.

सध्या आपल्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर एक अमेरिकन कोच फिरतोय. डोक्यावर गुराख्यांची असते तसली रुंद हॅट, डोळ्यावर काळा गॉगल, गळ्यात सोन्याच्या साखळ्या आणि साखळीला शिट्टी. नाव डिऑन सँडर्स. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच. आता हा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. अंड्यासारखा लांबुळका चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं, असला खेळ. तिकडं कॉलेजच्या मॅचला लाखभर माणूस स्टेडियममध्ये बसतं. आपल्याकडं कॉलेजच्या मॅचला बसायला दगड सापडला तरी नशीब.

ह्या सँडर्सचा एक किस्सा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाशी मॅच होती. मॅचच्या आधी समोरच्या कोचनं टोमणा मारला, की मोठ्या माणसांशी बोलताना मी टोपी आणि गॉगल काढून बोलतो, मला आईनं तसं शिकवलंय. सँडर्सनं काय केलं? आपल्या अख्ख्या टीमला गॉगल वाटले. त्या गॉगलची लाखो डॉलरची ऑर्डर लोकांनी नोंदवली आणि मॅच त्याच्या पोरांनी दोनदा जादा वेळ खेळून ४३-३५ अशी जिंकली.

ही रील आपल्या ग्रुपवर आली की खाली कमेंट ठरलेल्या. "असा सर पाहिजे होता राव." "काय रुबाब आहे." आणि मग कुणीतरी लिहितोच, "आपले पीटीचे सर बघा, तीच ढगळी ट्रॅकपँट, तीच गंजकी शिट्टी." त्याखाली हसण्याच्या चिन्हांची रांग.

मला ह्या हसण्यावरच बोलायचंय.

गेली वीसेक वर्षं बावडा, इंदापूर, बारामती, नदीपलीकडं अकलूज अशा पट्ट्यात बातमीदारी करतोय. शालेय स्पर्धांच्या, कॉलेजच्या मॅचच्या, कुस्तीच्या मैदानांच्या बातम्या लिहिल्यात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कोचची टोपी, त्याची चाल, त्याच्या शिव्या, त्याची तऱ्हेवाईक शिस्त हे सगळं बाजारातून विकत घेता येत नाही. एकाच मैदानावर वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर ते माणसाच्या अंगावर चढतं. आणि आपण गेल्या काही वर्षांत अशी व्यवस्था करून ठेवलीय, की एकाच मैदानावर वर्षानुवर्षं कुणी उभंच राहू शकत नाही. मग पोरांनी वल्ली कोच कुठं बघायचा? मोबाईलवरच.

आधी त्या अमेरिकेचंच बघू, कारण तिथलं नुसतं वरवरचं आपण उचलतो.

माईक लीच नावाचा एक कोच होता. हा माणूस मुळात वकिलीची पदवी घेतलेला. स्वतः कॉलेजच्या टीममधून कधी फुटबॉल खेळला नाही. त्याला वेड होतं समुद्री चाच्यांचं. टीमच्या पोरांना तो चाच्यांच्या गोष्टी सांगायचा. मॅचनंतरच्या पत्रकार परिषदेत मॅच सोडून लग्न, मिठाई, अस्वलं, काहीही विषयावर बोलत बसायचा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात असताना त्यानं चक्क एक छोटा कोर्स शिकवायला घेतला, गनिमी युद्ध आणि फुटबॉलचे डावपेच असा! आपल्या मातीतला विषय, पण शिकवला तिकडं. डिसेंबर २०२२ मध्ये वयाच्या ६१ व्या वर्षी तो गेला, तेव्हा सगळा देश त्याचे किस्से सांगत होता.

पण किस्से सांगताना एक हिशेब विसरला जातो. हा माणूस टेक्सास टेकमध्ये १० वर्षं होता. वॉशिंग्टन स्टेटमध्ये ८ वर्षं. त्याचा वेडेपणा लोकांना ओळखीचा झाला, कारण तो तिथं होता. पोरं आली, शिकली, गेली, पुढची आली, सर तेच.

दुसरा जिम हारबॉ. हा रोज एकाच रंगाची, एकाच धाटणीची साधी खाकी पँट घालायचा. स्वस्तातली, वॉलमार्टच्या दुकानातून घेतलेली. करोडोंचा पगार आणि पँट शाळेच्या शिपायासारखी, म्हणून लोक हसायचे. मिशिगन विद्यापीठाला ह्याच खाकी पँटवाल्यानं जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं. कधी? २०१५ ला रुजू झाल्यावर नवव्या हंगामात. मधल्या वर्षांत टीका झाली, हरले, पगारही कापला गेला, पण माणूस जागेवर होता.

आता कुणी म्हणेल, तिथं हरला की हाकलतात. खरंय, हाकलतात. पण हाकलायला आधी नेमावा लागतो! सँडर्सशी पहिला करार झाला तोच पाच वर्षांचा, २ कोटी ९५ लाख डॉलरचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारदारांत सगळ्यात जास्त पगार फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या कोचला असतो. गव्हर्नरपेक्षा जास्त, कुलगुरूपेक्षा जास्त. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. प्राध्यापकांपेक्षा कोचला शंभरपट देणं हा त्यांचा वेगळा आजार आहे. पण कोच ही एक नोकरी आहे, जबाबदारी आहे, तिला मुदत लागते, अधिकार लागतो, एवढं त्यांना कळतं. आपल्याला एवढंही कळेना झालंय.

बरं, अमेरिका राहू द्या. आपल्या महाराष्ट्रात या.

रमाकांत आचरेकर सर. सांगा, सरांचं नाव घेतल्यावर डोळ्यासमोर काय येतं? टोपी. अंगात साधा शर्ट, आणि स्कूटर. त्या स्कूटरवर मागं बसवून सचिनला ह्या मैदानावरून त्या मैदानावर मॅच खेळायला न्यायचे. नेटमध्ये स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो आऊट करेल त्याला नाणं, कुणीच आऊट केलं नाही तर ते सचिनचं. अशी १३ नाणी सचिननं जपून ठेवलीत. एवढ्या मोठ्या शिष्याला सरांनी तोंडभरून "चांगला खेळलास" कधी म्हटलं नाही. आता ह्यातली एक तरी गोष्ट महाग आहे का? रुपयाचं नाणं आणि जुनी स्कूटर. पण त्यामागं शिवाजी पार्कवर घालवलेली दशकं आहेत. सकाळी तिथं, संध्याकाळी तिथं. विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर, सगळे त्या एका टोपीखालून गेले.

१९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० ची पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला सर गेले, तेव्हा शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करायचं सरकारच्या लक्षातच आलं नाही, त्यावरून गदारोळ झाला. मग डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कात त्यांचं स्मारक उभं राहिलं. त्या शिल्पातही त्यांची टोपी आहे. आपलं हे असं असतं. माणूस जिवंत असताना त्याच्या टोपीला हसायचं, मग तीच टोपी दगडात घडवायची.

आता खरोखरचा कॉलेजमधला फुटबॉलचा माणूस घ्या, आणि हा पायानं खेळायचा फुटबॉल बरं का. नागपूरचे विजय बारसे सर. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक. २००१ ची गोष्ट. पावसात झोपडपट्टीतली पोरं अनवाणी, एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. सरांनी बघितलं. त्यांना फुटबॉल आणून दिला. तिथून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. स्लम सॉकर म्हणून पुढं जगभर नाव झालं, बेघरांच्या विश्वचषकात पोरं खेळून आली, २०१६ मध्ये फिफानं त्या कामाला पुरस्कार दिला.

ह्याच सरांवर आपल्या उजनीपलीकडच्या जेऊरच्या नागराज मंजुळेनं 'झुंड' काढला. ४ मार्च २०२२ ला आला. अमिताभ बच्चन विजय बोराडे सर झाले. थिएटरात आपण शिट्ट्या मारल्या. पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. बारसे सरांना हे जमलं कसं? चांगलं मन होतं म्हणून जमलं, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं, की ते कॉलेजात कायम नोकरीला होते. महिन्याला पगार येत होता. उद्या सकाळी काढून टाकतील ही भीती नव्हती. पोट भरलेला, जागेवर टिकलेला माणूसच कॉलेज सुटल्यावर झोपडपट्टीतल्या पोरांकडं बघू शकतो. पगारी मास्तरानं पावसात चिखलात उभं राहून फुटक्या बादलीवाल्यांना कोचिंग द्यायचं, हा लोकांच्या दृष्टीनं वेडेपणाच. पण असा वेडेपणा परवडावा लागतो.

आणि आता आपल्याकडं या.

आपल्या भागातल्या कुठल्याही दोन-चार कॉलेजांत जाऊन बघा. मी नावं घेणार नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. शारीरिक शिक्षण संचालक असं भारदस्त नाव असलेलं पद असतं. ते भरलेलं असलं तर तुमचं नशीब. नाहीतर तासिका तत्त्वावर कुणीतरी पोरगा. त्यानं बीपीएड, एमपीएड केलेलं. काही जण तर नेट, सेट होऊन बसलेले. ऑर्डर अकरा महिन्यांची, कुठं त्याहून कमी. सुट्टीचे पैसे नाहीत. तासाचे पैसे कधी येतील ते देवाला आणि क्लार्कला माहीत. शाळांत तर पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी उधार घ्यायचा तास.

बरं, जे आहेत त्यांना काम काय? १५ ऑगस्टला संचलन बसवा. पाहुणे आले की पोरांना दोन रांगांत उभं करा. गॅदरिंगला साऊंडवाला बघा. परीक्षेला पर्यवेक्षक व्हा. नॅकची समिती येणार म्हणून फायली रंगवा. शाळेत असाल तर निवडणुकीची यादी घ्या आणि वस्त्यावस्त्यांवर फिरा. ह्यातून वेळ उरला तर मैदानावर या. तिथं परवा कुणाचंतरी लग्न झालेलं असतं. मांडवाचे खड्डे, पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास. सर आधी दोन पोरांना घेऊन ते गोळा करणार, मग स्वतःच्या खिशातून आणलेली फक्की मारून रेषा आखणार. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा.

आणि आपण रील बघून म्हणतो, आपल्या सरांची ट्रॅकपँट ढगळी आहे.

अहो, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू का हेच माहीत नाही, तो कशाला स्वतःची काही रीत पाडेल? सकाळी साडेपाचला पोरांना बोलवायचं, उशिरा आलेल्याला मैदानाला दहा चकरा, मॅच हरली तर आठवडाभर मौन, असली तऱ्हा चालवायला अंगात हक्क लागतो. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवाला माणूस सगळ्यांना खूश ठेवतो. प्राचार्यांना, संचालकांना, संचालकांच्या पुतण्याला. पुतण्या टीममध्ये घेतलाच पाहिजे! वल्ली माणूस पुतण्याला बसवतो. ऑर्डरवाला माणूस कॅप्टन करतो.

आपल्या तालमी आठवा. वस्ताद म्हणजे काय चीज होती. फेटा, धोतर, हातात काठी, आखाड्याच्या कडेला बसलेले. बोलणं कमी. पाटलाचा पोरगा असो नाहीतर गड्याचा, हौद्यात उतरला की एकच माप. गाव त्यांच्या तऱ्हा सहन करायचं, कारण गावाला माहीत होतं, हा माणूस इथंच जगणार आणि इथंच मरणार. गाव वस्तादाला दूध, धान्य, मान द्यायचं, बदल्यात वस्ताद गावाला पैलवान द्यायचा. सौदा सरळ होता. आता तालमीच्या जागेवर गाळे झाले आणि वस्तादाच्या जागेवर फ्लेक्स.

खालपासून वरपर्यंत हीच तऱ्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या इंदापूरच्या आमदारांकडं, दत्तात्रय भरणे यांच्याकडं राज्याचं क्रीडा खातं आलं. तालुक्यात फटाके वाजले. म्हटलं, चला, आता मैदानांचं बघतील. जुलै २०२५ च्या अखेरीस खातं बदललं, त्यांच्याकडं कृषी गेलं. आणि क्रीडा कुणाकडं? विधिमंडळात मोबाईलवर पत्ते खेळतानाच्या व्हिडिओवरून ज्यांच्यावर टीका झाली त्या माणिकराव कोकाटेंकडं. आपण रमी खेळत नव्हतो असं त्यांनी सांगितलं, ते त्यांच्यापाशी. पण क्रीडा खातं हे शिक्षा म्हणून द्यायचं खातं आहे, हा निरोप अख्ख्या महाराष्ट्राला गेला की नाही? तालुक्याचा क्रीडामंत्री सात महिने टिकला. मग कॉलेजचा क्रीडाशिक्षक अकरा महिने टिकतो म्हणून तक्रार कुणाकडं करायची?

आणि हे त्या भागात, जिथल्या माणसानं क्रिकेटचं जग चालवलं. बारामतीचे शरद पवार बीसीसीआयचे अध्यक्ष होते, २०१० ते २०१२ आयसीसीचे अध्यक्ष होते, कबड्डी-कुस्तीच्या संघटना त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या. खेळाची खुर्ची किती मोठी असते हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? खुर्चीत बसणारे आपल्याकडून गेले. मैदानावर उभा राहणारा मात्र आपण नेमेना.

आता तुमचे आक्षेप घेतो, कारण ते मला आधीच ऐकू येतायत.

पहिला आक्षेप. कायम नोकरीवाले सर तरी काय दिवे लावतात? सावलीत खुर्ची टाकून मोबाईल बघतात. आहे, खरं आहे. असेही आहेत, मीही बघितलेत. पण गणिताचा एक मास्तर वर्गात झोपला म्हणून कुणी गणिताची जागाच रद्द केली का? झोपणाऱ्याला जाब विचारा. किती पोरं उतरवली, किती महिने सराव घेतला, मुलींची टीम आहे का, विचारा. जागाच रिकामी ठेवली की जाब कुणाला विचारणार, गोलपोस्टला?

दुसरा आक्षेप. आता खासगी अकॅडम्या आल्यात, पोलीस भरतीच्या, सैन्य भरतीच्या, क्रिकेटच्या. तिथं चांगले कोच असतात. असतील. फी भरणाऱ्यासाठी असतील. कारखान्याला ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या पोरानं फी कुठून भरायची? बारसे सरांना जी पोरं दिसली ती फी भरून दिसली नव्हती. आणि अकॅडमीत पोरगं जातं ते भरतीसाठी जातं, १६०० मीटर किती मिनिटांत एवढ्यासाठी. भरती झाली की खेळ संपला.

तिसरा आक्षेप सगळ्यात लबाड. आमच्या कॉलेजचे खेळाडू आहेत की, सर्टिफिकेटं बघा. बघितली. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून सर्टिफिकेटचा बाजार झाला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं राज्यात गाजली. जिथं कोच नाही तिथं सर्टिफिकेट पिकतं. खरा वल्ली कोच असता तर त्यानं असल्या कागदावर सही करायच्या आधी पोराला मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी माझीच पोस्ट दाखवून पोरांना बडवेल. वल्ली असणं म्हणजे हात उचलायचा परवाना नव्हे. आचरेकर सरांनी सचिनला थप्पड मारली होती. स्वतःची मॅच सोडून तो वानखेडेवर दुसऱ्यांच्या मॅचला टाळ्या वाजवायला गेला म्हणून. ती गोष्ट सचिन स्वतः कृतज्ञतेनं सांगतो. पण ती थप्पड सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि स्कूटरवरच्या शेकडो फेऱ्या विसरल्या गेल्या. आज पोरांना मारणारा प्रत्येक जण सचिनचं नाव सांगतो. स्कूटरवरून कुणाला नेलंस ते सांग ना आधी! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेतल्या मुलाला मारायला आणि मानसिक छळायला बंदी घातलीय. आणि त्या लाडक्या माईक लीचलाही टेक्सास टेकनं २००९ मध्ये काढलं, ते एका जखमी खेळाडूला दिलेल्या वागणुकीच्या तक्रारीवरूनच. त्यानं ते आरोप शेवटपर्यंत मान्य केले नाहीत, कोर्टात गेला. पण किस्से कितीही गोड असले तरी पोराच्या अंगाचा प्रश्न आला की संस्थेनं विचारायलाच पाहिजे. विचारायला आधी संस्थेकडं नेमलेला, नोंद असलेला, जबाबदार माणूस पाहिजे. अकरा महिन्यांवाला तर तक्रार आली की दुसऱ्या तालुक्यात ऑर्डर घेऊन मोकळा.

आणि सगळे वल्ली टोपीवालेच असतात असंही नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यनंतर मराठी मातीतल्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ७२ वर्षं लागली. स्वप्नीलच्या मागं वर्षानुवर्षं उभ्या होत्या दीपाली देशपांडे मॅडम. स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला खेळलेल्या. त्यांना द्रोणाचार्य मिळाला. त्यांच्या कपड्यांवर कुणी रील काढली नाही, गॉगल विकले गेले नाहीत. पण तऱ्हा वेगळी, हिशेब तोच. एक माणूस, एक पोरगा, खूप वर्षं.

खाशाबांचंही तेच. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. कॉलेजचा प्राचार्य, आपल्या कॉलेजच्या पैलवानासाठी! आजच्या हिशेबात ह्याहून मोठा वेडेपणा कुठला? आता आपण १५ जानेवारीला, खाशाबांच्या जन्मदिवशी, राज्य क्रीडा दिन साजरा करतो. फोटोला हार घालतो. हार आणायला कोण जातं? तेच, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवाले सर.

म्हणून मंडळी, नुसतं हळहळून उपयोग नाही. चार कामं सांगतो. सगळी आपल्या हातातली आहेत.

एक. तुमचं पोरगं, पोरगी ज्या कॉलेजात आहे तिथं पालक सभेत उभं राहून विचारा, शारीरिक शिक्षणाचं मंजूर पद भरलंय का? नसेल तर किती वर्षांपासून रिकामं आहे? लाजू नका. ट्यूशनची चौकशी करता, मग मैदानाची का नाही?

दोन. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार वापरा. अनुदानित कॉलेजात जनमाहिती अधिकारी असतो. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारा: क्रीडा आणि जिमखाना फी म्हणून गेल्या तीन वर्षांत विद्यार्थ्यांकडून किती घेतले आणि कशावर खर्च केले, पावत्यांसह. पावती आपल्याकडं असते. फी आपण भरलेली असते. अर्ज लिहायला अडचण आली तर मला मेसेज करा, बसून लिहून देतो, चहा तुमचा.

तीन. मैदान लग्नाला, सभेला, प्रदर्शनाला देताना खेळाचा हंगाम सोडून द्या. आणि ज्यानं वापरलं त्यानं दुसऱ्या दिवशी खड्डे बुजवून, कचरा उचलून परत द्यायचं. पालखी बावड्यातून पुढं सराटीला जाते, तेव्हा लाखो माणूस इथून जातं आणि मागून आपणच पोरं झाडू घेऊन रस्ता लख्ख करतो. मग एका लग्नाचा कचरा क्रीडाशिक्षकानं का उचलायचा?

चार. जे सर, ज्या मॅडम आज तुटपुंज्या पैशावर पहाटे मैदानावर येतात, त्यांची नावं खाली कमेंटमध्ये टाकू नका, उगाच त्यांनाच त्रास होईल. पण त्यांच्या मैदानावर जा. कडेला उभं राहा. पोरांना पाणी द्या. मॅच असेल तर बघायला या. त्यांना कळू द्या, की आपलं काम गावाला दिसतंय.

हे झालं, आणि तो माणूस त्या मैदानावर पाच वर्षं, दहा वर्षं टिकला, तर त्याची टोपी आपोआप घडेल. कुणाची लाल असेल, कुणाची फाटकी असेल. एखादा पोरांना तुकारामांचे अभंग म्हणायला लावून पळवेल, एखादी मॅडम हरल्यावर सगळ्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालेल आणि मग तासभर बोलणार नाही. तिकडून गॉगल मागवायची गरज पडणार नाही.

आणि तोवर कुणी सरांच्या ढगळ्या ट्रॅकपँटवर हसणारी रील पाठवली, तर एवढंच उत्तर द्या, "पँट ढगळी आहे कारण पगार आखूड आहे."

पटलं तर शेअर करा, आपापल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली या, आज रात्री मी जागाच आहे.